सहा टक्क्यांचा हिशेब

मुंबईकडून सुरतेला जाणाऱ्या लोहमार्गावर सचीन मागे पडलं की भेस्तान येतं, मग उधना आणि मग सुरत. शेजारी पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत, पाठीमागे सचीनची. विणकामाचे, रंगाईचे, छपाईचे कारखाने आणि त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या सोसायट्या या पट्ट्यात एकमेकांना खेटून आहेत. इथल्या मराठी वस्तीचा मोठा भाग खानदेशातून आलेला. उधन्याहून नंदुरबार, अमळनेर करत जळगावला जाणारी तापी खोऱ्यातली लाइन ही या माणसांची गावाकडची नाळ. घरात अहिराणी, कारखान्यात गुजराती-हिंदी आणि मुलांसाठी सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा. अशा घरांत आधी रेडिओ आला, मग टेप, मग डेक, मग ॲम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यातले स्पीकर. आणि यांतल्या कुठल्या ना कुठल्या यंत्राशेजारी फळीवर एक पत्र्याचा डबाही आला: स्टॅबिलायझर. संगीताच्या यंत्रांचा इतिहास सांगणारे या डब्याकडे ढुंकून पाहत नाहीत, कारण त्यातून गाणं निघत नाही. माझं म्हणणं असं आहे की वीज पुरवणाऱ्याने कायद्याने करायचं काम ग्राहकाच्या फळीवर कसं सरकत गेलं, याचा सगळ्यात चोख पुरावा म्हणजे हा डबा. आणि आज ‘सर्ज प्रोटेक्शन’ या नावाने जे विकलं जातं ते बव्हंशी दुसऱ्याच देशातल्या दुखण्यावरचं औषध आहे. भेस्तानसारख्या ठिकाणचं दुखणं वेगळं होतं, आणि अजूनही पुष्कळसं वेगळं आहे.

कायदा तसा स्वच्छ होता. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ५४ वा नियम सांगत असे की कमी दाबाच्या जोडणीत, पुरवठा ग्राहकाच्या हद्दीत जिथे सुरू होतो त्या जागी, जाहीर केलेल्या व्होल्टेजपेक्षा सहा टक्क्यांहून अधिक फरक पडता कामा नये. २३० व्होल्टचे सहा टक्के म्हणजे जेमतेम १४. म्हणजे मीटरपाशी २१६ ते २४४ या मर्यादेतच वीज मिळायला हवी. पुढचा, ५५ वा नियम वारंवारतेचा: ५० हर्ट्झच्या वर-खाली तीन टक्के. हे दोन नियम मनापासून पाळले गेले असते तर स्टॅबिलायझर नावाची वस्तू घरगुती बाजारात जन्मालाच आली नसती, कारण रेडिओपासून फ्रिजपर्यंत प्रत्येक यंत्र वर-खाली दहा टक्के सहज पचवेल अशाच बेताने बनवलेलं असतं. तेव्हा स्टॅबिलायझरचा खप हा एक प्रकारे नियम ५४ च्या उल्लंघनाचा मोजमापपट्टा धरायला हरकत नाही. सरकारी दप्तरात कुणी तो आकडा लिहिला नसेल, पण घराघरांतल्या फळ्यांवर तो मांडून ठेवलेला होता.

सुरत शहराला वीज देणारी सुरत इलेक्ट्रिसिटी कंपनी १९२० सालची. शहराच्या जुन्या भागात तिचं जाळं आटोपशीर होतं. पुढे ती टोरंटकडे गेली. शहराबाहेरचा पसारा १९६० मध्ये गुजरात राज्य झाल्यावर गुजरात वीज मंडळाकडे आला आणि २००५ मध्ये मंडळाचे तुकडे झाल्यावर दक्षिण गुजरात वीज कंपनीकडे. भेस्तानसारखं ठिकाण या दोन जगांच्या शिवेवरचं. गावाच्या हिशेबाने ओढलेल्या तारा आणि त्यांवर शहराच्या हिशेबाने वाढलेला भार. त्यात हा भार घरांचा कमी आणि मोटरींचा जास्त. लूमची मोटर फार मोठी नसते, साधारण एक अश्वशक्ती किंवा त्याहून लहान. पण कुठलीही इंडक्शन मोटर चालू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सातपट प्रवाह ओढते. शिवाय धोट्याच्या लूमचा भार सरळ नसतो. धोटा मारताना, फणी ठोकताना मोटरवर हिसका बसतो आणि मिनिटाला दीडशेच्या आसपास असे हिसके. शेकडो लूम एकत्र चालले की हे हिसके एकमेकांत मिसळून जातात, पण एकूण ओझं तारांवर राहतंच. डीपीपासून, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरपासून, घरापर्यंतच्या तारेचा रोध अर्धा ओहम धरला आणि त्या तारेतून चाळीस अँपिअर वाहत असले, तर वीस व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. शेवटच्या खांबावरच्या घराला उरलंसुरलं मिळतं. त्याला आपल्याकडे ‘लाइट डिम झाली’ म्हणतात, किंवा ‘होल्टेज नाही’.

या डिम लाइटीचा कानावर काय परिणाम होतो, हे व्हॉल्व्हच्या रेडिओने सगळ्यात आधी दाखवलं. व्हॉल्व्हमधली वात, म्हणजे हीटर, बहुतेक ६.३ व्होल्टची. मूळ पुरवठा २३० चा १८० झाला की ती ४.९ वर येते. वात पुरती तापत नाही, तिच्यातून पुरेसे इलेक्ट्रॉन सुटत नाहीत आणि आवाज बारीक होतो. पण त्याहून जास्त लक्षात येणारी गोष्ट म्हणजे रेडिओतला ऑसिलेटर शॉर्टवेव्हवर सगळ्यात आधी दम तोडतो. मीडियम वेव्हवर आकाशवाणी ऐकू येत असताना शॉर्टवेव्ह मात्र मुकी होऊ शकते. आता १९५२ पासून रेडिओ सिलोनवरची ‘बिनाका गीतमाला’ बुधवारी रात्री आठला लागायची. आठ म्हणजे घराघरांत दिवे लागलेले, कारखान्यांत दुसरी पाळी रंगात आलेली, आणि सिलोन शॉर्टवेव्हवर. देशातला सगळ्यात लोकप्रिय कार्यक्रम, सगळ्यात नाजूक पट्ट्यावर, सगळ्यात वाईट व्होल्टेजच्या वेळी. रेडिओवाल्यांनाही याची कल्पना होती. ठाण्याच्या कारखान्यात बनणारा मर्फी असो की आणखी कुठला, ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटच्या मागच्या बाजूला व्होल्टेज निवडायची सोय असे. ११० पासून २५० च्या आसपासपर्यंत काही आकडे आणि त्यांत बसवायचा एक लहानसा खटका किंवा स्क्रू. ती सोय होती वेगवेगळ्या शहरांच्या वेगवेगळ्या पुरवठ्यासाठी. दुरुस्ती करणाऱ्यांनी ती वापरली एकाच शहराच्या संध्याकाळसाठी: खटका २००वर सरकवला की डिम लाइटीतही सिलोन लागे.

इथेच या इतिहासातली पहिली गोची आहे. खटका २००वर ठेवून संध्याकाळ भागली, पण पहाटे पुरवठा २४०वर चढला तर? हीच गोची पुढे बूस्टरने मोठी करून ठेवली. बूस्टर म्हणजे एक ऑटो-ट्रान्सफॉर्मर, पुढे फिरवायचं पाच-सात टप्प्यांचं बटण आणि काचेआड हलणारा व्होल्टमीटरचा काटा. संध्याकाळी काटा १८०वर आला की बटण फिरवत तो २३०वर आणायचा. म्हणजे व्होल्टेज जवळजवळ १.२८ पट करायचं. आता कारखान्याची पाळी सुटली, लूम थांबले, तारांवरचं ओझं उतरलं आणि पुरवठा २४० झाला. बटण मात्र तिथेच. २४० गुणिले १.२८ म्हणजे ३०७ व्होल्ट. जो डबा यंत्र वाचवायला आणला त्यानेच ते जाळायचं. काटा लाल पट्ट्यात गेला की घरातल्या कुणीतरी उठून बटण मागे फिरवायचं, हा त्या डब्याचा अलिखित करार होता. घराबाहेर पसरलेल्या एका यंत्रणेचा शेवटचा नियंत्रक म्हणून गृहिणीला किंवा शाळकरी पोराला नेमलेलं होतं, बिनपगारी.

आपोआप चालणारा स्टॅबिलायझर हा या नेमणुकीतून सुटकेचा मार्ग होता. आत तोच ऑटो-ट्रान्सफॉर्मर, पण टप्पे बदलायला रिले. व्होल्टेज ठरावीक रेषेखाली गेलं की ‘टक्’, वर आलं की पुन्हा ‘टक्’. त्यात पुढे ‘हाय कट’ आला, म्हणजे हाताबाहेर गेलं की पुरवठाच तोडणारा रिले. आणि लाइट गेल्यावर परत आली की दोन-तीन मिनिटं थांबून मगच वीज सोडणारी सोय. ‘लाइट आली की लगेच बटण दाबू नको’ ही घरातल्या वडीलधाऱ्यांची ताकीद अगदी शास्त्रशुद्ध होती: पुरवठा परतताना सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि पहिली काही मिनिटं व्होल्टेज थाऱ्यावर नसतं. या डब्याची मोठी लाट आली ती मात्र दूरचित्रवाणीमुळे. मुंबई केंद्र १९७२ चं, रंगीत चित्र १९८२ चं. कोचीत व्ही-गार्ड १९७७ मध्ये सुरू झाली ती स्टॅबिलायझर बनवायलाच. टीव्हीसाठी आणलेल्या डब्याला मागे दोन सॉकेट असत. एकात टीव्ही, दुसऱ्यात टेप. संगीताच्या यंत्राला संरक्षण मिळालं ते असं टीव्हीच्या वशिल्याने. आणि त्याची किंमत कानाला मोजावी लागे: रिले बदलताना क्षणभर पुरवठा तुटतो, ठिणगी पडते आणि लताबाईंच्या आलापीच्या मधोमध स्पीकरमधून ‘फट्’ असा आवाज येतो. डब्यावर क्रोशाचा रुमाल घालून तो सजवला गेला, पण तो आवाज काही लपला नाही.

कुणी म्हणेल, यात एवढं काय? पुरवठा सुधारायला अब्जावधी लागतात. ज्याच्याकडे महागाचं यंत्र आहे त्याने दोन पैसे टाकून डबा घ्यावा, हाच शहाणपणाचा आणि स्वस्त मार्ग. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण दोन हिशेब करून पाहा. पहिला, डबा स्वतः वीज खातो. नुसता चालू राहायला पाच वॉट धरले तरी चोवीस तास, वर्षभर, म्हणजे जवळजवळ ४४ युनिट. ते ग्राहकाच्या मीटरवर, ग्राहकाच्या दराने. दुसरा हिशेब जास्त बोचरा आहे. व्होल्टेज १८०वर आल्यावर साधा बल्ब किंवा शेगडी आपसूकच कमी प्रवाह ओढते, त्यामुळे तारेवरचं ओझं थोडं हलकं होतं. स्टॅबिलायझरमागची तीच वस्तू मात्र पूर्ण २३० मागते, आणि त्यासाठी तारेतून आधीच्या १.६ पटीहून जास्त प्रवाह ओढते. म्हणजे तारेतली घट आणखी वाढते आणि ती वाढलेली घट वाट्याला येते ज्याच्या घरी डबा नाही त्याच्या. गल्लीत दहा घरांनी स्टॅबिलायझर बसवले की अकराव्याचा दिवा आणखी मंद होणार. त्यालाही मग डबा घ्यावा लागतो. एकेकाने स्वतःपुरतं केलेलं शहाणपण सगळ्यांचं मिळून नुकसान करतं, हे खांबावरच्या तारेइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो: ॲम्प्लिफायरला व्होल्टेज कमी पडलं तर काय बिघडतं? आवाज जरा लहान होईल, इतकंच. हे मात्र मान्य करायला हवं. साध्या, अनियंत्रित पुरवठ्याच्या ॲम्प्लिफायरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० चे १८० झाले की पन्नास वॉटचा ॲम्प्लिफायर तीस वॉटचा होतो. ऐकायला भयंकर वाटतं. कानाला ती घट जेमतेम दोन डेसिबल, म्हणजे लक्ष देऊन ऐकणाऱ्यालाच कळेल अशी. खरी पंचाईत आत दडलेल्या छोट्या पुरवठ्याची असते. प्रीॲम्प्लिफायरला पंधरा व्होल्टवर बांधून ठेवणाऱ्या रेग्युलेटरला आत येताना दोन-तीन व्होल्ट जास्तीचे लागतात. तेवढे मिळेनासे झाले की तो हात टेकतो आणि पुरवठ्यातली गुणगुण थेट गाण्यात उतरते. डेकमध्ये तर अशाच उपाशी रेग्युलेटरवर मोटर चालत असेल, तर सूर डोलू लागतो. तेव्हा आक्षेप अर्धा खरा: डिम लाइटीने यंत्र सहसा मरत नाही, फक्त आजारी पडतं. मरतं ते जास्तीच्या व्होल्टेजने, आणि त्याकडे मी येतोच.

त्याआधी वारंवारतेबद्दल थोडं, कारण या कहाणीतला हा कोपरा सहसा कुणी झाडत नाही. रेकॉर्ड प्लेअरची साधी मोटर विजेच्या वारंवारतेच्या मागे धावते. तीन टक्क्यांनी घट, म्हणजे ५० ऐवजी ४८.५ हर्ट्झ, आणि तबकडी तीन टक्के सावकाश. बारा सुरांच्या सप्तकात लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर साधारण सहा टक्क्यांचं. म्हणजे गाणं अर्धी पट्टी उतरलं. काळी एकमध्ये लावलेला तंबोरा रेकॉर्डवर धड काळी एक राहत नाही, धड पांढरी एक होत नाही. आणि गंमत अशी की हे नियम ५५ च्या मर्यादेत, म्हणजे पूर्ण कायदेशीर! प्रत्यक्षात विजेचा तुटवडा असलेल्या दशकांत वारंवारता याहूनही खाली जात असे. त्यावर घरातला कुठलाच स्टॅबिलायझर इलाज करू शकत नव्हता. तो व्होल्टेज सांभाळतो, हर्ट्झ नाही. उलट ज्या कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरला अमेरिकेत जोसेफ सोला याने १९३०च्या दशकात आकार दिला, तो इथे वारंवारता ढळली की स्वतःच ढळायचा. इलाज आला जपानहून, मात्सुशिता कंपनीच्या टेक्निक्स टर्नटेबलमधून: मोटरचा वेग विजेच्या हर्ट्झवर न सोडता क्वार्ट्झच्या स्फटिकावर बांधायचा. पश्चिम विभागातल्या ग्रिडला शिस्त लागली ती १ जुलै २००२ पासून, वारंवारता ढळेल तसा दर बदलणारी दरपद्धत लागू झाल्यावर. तोवर कॅसेटने रेकॉर्डला घरातून बाहेर काढलं होतं. वीज सुरात आली तेव्हा तिच्या सुरावर फिरणारं यंत्रच उरलं नव्हतं.

याच मात्सुशितामध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी मिचिओ मात्सुओका यांनी झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर तयार केला. रुपयाच्या नाण्याएवढी चकती, ठरावीक व्होल्टेजपर्यंत वीज अडवणारी आणि त्यावर गेलं की एकदम वाट मोकळी करून देणारी. आजच्या बहुतेक सर्ज प्रोटेक्टरचा जीव या चकतीत आहे. आपल्याकडे ती आली संगणकाबरोबर, ‘स्पाइक बस्टर’ या नावाच्या लांबट सॉकेटपट्टीत बसून. ज्या धोक्यासाठी ही पट्टी बनली तो धोका वीज कडाडण्याचा: मायक्रोसेकंदांचा, हजारो व्होल्टचा झटका. तो झटका खरा आहे, आणि पहिल्या पावसाच्या कडकडाटात तो सुरतेलाही चुकत नाही. पण चकती मायक्रोसेकंदांसाठी आहे. भेस्तानसारख्या पट्ट्यातला ॲम्प्लिफायर ज्याने जळतो ती गोष्ट मिनिटभर टिकते, कधी तासभर. ती म्हणजे न्यूट्रल तुटणं.

हे जरा जवळून पाहू. डीपीपासून चार तारा निघतात, तीन फेज आणि एक न्यूट्रल. कुठल्याही दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट, फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०. एका घरी लाल फेज, शेजारच्या घरी पिवळा, दोघांचा न्यूट्रल सामाईक. खांबावरच्या जोडाला गंज चढला, खारट दमट हवेत तो ढिला झाला आणि न्यूट्रल सुटला. आता दोन्ही घरं एकामागे एक जोडल्यासारखी ४०० व्होल्टच्या मधे सापडली. एका घरात हजार वॉटचा गीझर चालू, दुसऱ्यात एकूण शंभर वॉटचा भार: एक दिवा आणि गाणं लावलेला टेप. ज्याचा भार कमी त्याचा रोध जास्त, आणि ज्याचा रोध जास्त त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. हिशेबाने गीझरवाल्याकडे ३६ व्होल्ट, आणि दिवा-टेपवाल्याकडे ३६४. लाइट एकदम लख्ख होते, सगळे कौतुकाने वर पाहतात आणि तेवढ्यात वास येतो. ज्याच्या घरी वस्तू कमी, त्याचीच वस्तू आधी जळते. ३६४ व्होल्टच्या लाटेचं शिखर ५१५ व्होल्टचं. स्पाइक बस्टरमधली २७५ व्होल्टची नेहमीची चकती साधारण ४३० वर वाट उघडू लागते. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा ती उघडणार, तापणार आणि बघता बघता स्वतःच पेटणार. चांगल्या पट्टीत तिच्याजवळ उष्णतेने तुटणारा फ्यूज असतो. तो तुटला की चकती सुटते, पण स्वस्त पट्टीत पुरवठा तसाच पुढे चालू राहतो. स्टॅबिलायझरचा हाय कट या प्रसंगी चकतीपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचा, हे लक्षात घेतलं की आपल्या आधीच्या पिढीने जुन्या डब्यावर ठेवलेला विश्वास भाबडा वाटत नाही.

‘आता हे सगळं जुनं झालं’ हा तिसरा आक्षेप. आजचे साउंडबार, ब्लूटूथ स्पीकर, डिजिटल ॲम्प्लिफायर एसएमपीएसवर, म्हणजे स्विच्ड-मोड पॉवर सप्लायवर चालतात. ९० ते २७० व्होल्ट काहीही द्या, त्यांना फरक पडत नाही. टीव्हीचा स्टॅबिलायझर याच कारणाने फळीवरून उतरला, आणि बरं झालं उतरला. डिम लाइटीचा प्रश्न एसएमपीएसने खरोखरच निकालात काढला. जे काम पुरवठादाराने पन्नास वर्षांत केलं नाही ते एका स्वस्त सर्किटने केलं. पण एसएमपीएसच्या तोंडाशी बसवलेला मोठा कपॅसिटर बहुधा ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो. ५१५ च्या शिखरापुढे त्याचं पोट फुगतं आणि फुटतं. न्यूट्रलच्या बाबतीत नवं यंत्र जुन्या मर्फीपेक्षा जास्त नाजूक आहे, कारण मर्फीचा जाड ट्रान्सफॉर्मर निदान तापायला थोडा वेळ घेत असे आणि आधी फ्यूज उडत असे.

हौशी लोकांच्या पॉवर कंडिशनरबद्दल काय म्हणायचं? मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि आता ऑनलाइन अशी यंत्रं मिळतात: आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, फिल्टर, सोनेरी मुलाम्याचे सॉकेट आणि त्यांच्याबरोबर बरीच विशेषणं. विशेषणं बाजूला ठेवली तर आतलं तत्त्व खोटं नाही. आणि खरं सांगायचं तर पुण्याच्या शांत बंगल्यापेक्षा भेस्तानच्या सोसायटीत त्याची गरज जास्त आहे. आजच्या लूमवरचे वेग बदलणारे ड्राइव्ह, संगणकी एम्ब्रॉयडरी मशीनच्या सर्वो मोटरी आणि घरोघरचे एलईडी दिवे तारांमध्ये उच्च वारंवारतेची कुरकुर सोडत असतात. चांगला फिल्टर ती अडवतो. अडचण इतकीच की फिल्टरला ती कुरकुर टाकायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे अर्थिंग. चाळवजा घरांत तीन पिनांच्या सॉकेटचं तिसरं भोक पुष्कळदा नुसतं शोभेचं असतं. त्याच्या मागे हिरवी तार नसते, किंवा असली तरी जमिनीपर्यंत पोचत नाही. अशा ठिकाणी फिल्टरमधले कपॅसिटर यंत्राचा पत्रा अर्ध्या पुरवठ्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत ठेवतात. ॲम्प्लिफायरला ओला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि घरचे म्हणतात, ‘हा करंट मारतो, हात लावू नको.’ शुद्ध विजेसाठी आणलेल्या महागड्या डब्याने घरात आणलेली ही अशुद्धता. व्हॅरिस्टरचंही तेच: फेज आणि अर्थ यांच्यामधल्या चकतीला खाली अर्थच नसेल तर ती झटका सोडणार कुठे?

म्हणून माझा निकाल असा. भेस्तानमध्ये किंवा तशा कुठल्याही कारखान्याशेजारच्या वस्तीत गाण्याच्या यंत्रावर पैसे खर्चायचे असतील, तर क्रम उलटा लावावा. आधी अर्थिंग, खड्डा, पाइप किंवा पट्टी, जे सोसायटीला जमेल ते, पण मोजून. मग मीटरनंतरच्या बोर्डावर जास्त-कमी व्होल्टेजला पुरवठा तोडणारा कट-ऑफ, जो न्यूट्रल सुटल्यावर अख्ख्या घराला वाचवतो, एकट्या स्पीकरला नव्हे. त्याच्या मागे व्हॅरिस्टरची पट्टी, कडकडाटासाठी. कंडिशनर सगळ्यात शेवटी, आणि तोही जुना ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प्लिफायर असेल तरच. स्टॅबिलायझर फक्त ज्याच्या घरी संध्याकाळी काटा अजूनही २००च्या खाली जातो त्याने घ्यावा.

पुरवठा सुधारला नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. गुजरातने २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत शेतीपंपांचे फीडर गावाच्या फीडरपासून वेगळे केले आणि त्यामुळे गावठाणाला चोवीस तास वीज मिळू लागली. त्याच वर्षांत इथल्या मराठी कामगारांच्या खानदेशातल्या मूळ गावी तासन्‌तास भारनियमन होतं, आणि दिवाळीला गावी गेलेल्या कामगाराला हा फरक सांगायला कुणाची गरज नव्हती. पण चोवीस तास वीज असणं आणि ती सहा टक्क्यांच्या आत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची हमी आजही बिलावर छापलेली नसते. वीज ग्राहकांच्या हक्कांचे २०२० चे केंद्रीय नियम व्होल्टेजच्या तक्रारीचं निवारण ठरल्या मुदतीत झालं नाही तर भरपाईची तरतूद करतात. तेव्हा नवा डबा विकत घेण्याआधी बोर्डावर मल्टिमीटर लावा. आठवडाभर रोज संध्याकाळी आठला आणि पहाटे पाळी बदलायच्या वेळी दिसणारा आकडा तारखेसह वहीत लिहा. त्या पानाची झेरॉक्स जोडून कंपनीच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या, आणि निघताना तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.